जपानच्या खेड्यातल्या मिन्शुकुत मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी नागोयात राहते. भारतातून कुणी जपानला यायचं ठरवलं की तोक्यो-क्योतोचं सगळं त्यांचं आधीच ठरलेलं असतं. मला फोन येतो तो एका रात्रीसाठी: "एखाद्या खेड्यात, जुन्या घरात राहता येईल का?" येतं, आणि राहावंच. पण त्या एका रात्रीबद्दल प्रश्न मात्र उरलेल्या दहा दिवसांपेक्षा जास्त असतात. आई-बाबा, मावशी, मैत्रिणी आणि त्यांच्या ओळखीच्या लोकांनी आजवर जे विचारलं ते इथे एकत्र लिहिते आहे. माझा अनुभव मुख्यतः दोन भागांतला आहे. एक किसो खोऱ्यातली मागोमे आणि त्सुमागो ही गावं, दुसरा शिराकावा-गो आणि गोकायामाचा डोंगराळ पट्टा.

मिन्शुकु म्हणजे काय? र्योकान वेगळं का?

र्योकान हा पारंपरिक पद्धतीचा, पण पूर्णवेळ चालणारा व्यवसाय. तिथे नोकरवर्ग असतो, जेवण खोलीत येतं, आणि दर त्याप्रमाणे चढे असतात. मिन्शुकु म्हणजे एका कुटुंबाचं राहतं घर आणि त्यातल्या चार-पाच खोल्या पाहुण्यांसाठी. स्वयंपाक घरच्या बाई करतात, न्यायला-सोडायला घरचे पुरुष येतात, न्याहारीच्या वेळी नातवंड दप्तर घेऊन शेजारून शाळेला निघून जातं. कोकणात एखाद्या घरी उतरतो आणि काकूंच्या हातचं जेवतो, त्याच्या जवळचं हे आहे.

हा फरक आधी नीट समजून घ्या, कारण पुढची जवळजवळ सगळी उत्तरं त्यातूनच येतात. हॉटेलात तुमच्या वेळेप्रमाणे माणसं हलतात. इथे घराला स्वतःचं वेळापत्रक असतं आणि तुम्हाला त्यात सामावून घेतलेलं असतं.

खर्च किती येतो?

दर खोलीचा नसतो, माणशी असतो. "इप्पाकु निशोकु" असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे एक रात्र आणि दोन जेवणं: रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी. साधारण १०,००० ते १४,००० येन माणशी धरून चला. हिवाळ्यात काही ठिकाणी खोली गरम ठेवण्याचे काहीशे येन वेगळे घेतात. नुसत्या राहण्याला "सुदोमारी" म्हणतात. ते स्वस्त पडतं, पण संध्याकाळी पाचनंतर या गावांत खानावळ उघडी मिळणं कठीण. सोबत खायला नसेल तर सुदोमारीच्या वाटेला जाऊ नका.

पैसे रोख न्या. शहरात कार्ड सगळीकडे चालतं, त्यामुळे लोक निर्धास्त असतात आणि खेड्यात अडकतात. भारतीय कार्ड चालणारी एटीएम बहुतेक सेव्हन-इलेव्हनच्या दुकानांत आणि टपाल कार्यालयांत असतात. पहिलं खेड्यात नसतं, दुसरं संध्याकाळी बंद होतं. शहर सोडण्याआधीच पैसे काढा. बक्षिसी देण्याची पद्धत नाही. देऊ केलीत तर त्यांना अवघडल्यासारखं होतं.

कोणतं गाव निवडावं?

चालायची आवड असेल तर किसो. एदो, म्हणजे आजचं तोक्यो, ते क्योतो असा डोंगरातून जाणारा नाकासेन्दो नावाचा जुना राजमार्ग होता आणि त्यावर मुक्कामाची ६९ ठाणी होती. त्सुमागो ४२ वं आणि मागोमे ४३ वं. दोन्हींच्या मध्ये आठेक किलोमीटरची पायवाट आहे, अडीच-तीन तासांची. मागोमेकडून निघा, कारण ते उंचावर आहे. सुमारे ८०० मीटरवरची खिंड लवकर पार होते आणि पुढे उतारच. वाटेत जागोजागी खांबाला पितळी घंटा टांगलेल्या दिसतील. त्या अस्वलांसाठी आहेत, जाताना वाजवा. मोसमात दोन्ही गावांच्या पर्यटन केंद्रांमध्ये सामान पोचवण्याची सोय असते. सकाळी बॅग देऊन टाका, दुपारी पलीकडे मिळते. त्सुमागोच्या शेजारी ओत्सुमागो नावाची छोटी वस्ती आहे. मला विचाराल तर मुक्काम तिथेच करा.

त्सुमागो आज जसं दिसतं ते आपोआप तसं राहिलेलं नाही. रेल्वे आणि नवे रस्ते आल्यावर गाव ओस पडत चाललं होतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लोकांनी घरं दुरुस्त करायला घेतली आणि १९७१ मध्ये गावाने आपसात ठरवलं: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. दुपारी मुख्य रस्त्यावर गाड्यांना बंदी असते आणि विजेच्या तारा नजरेआड नेल्या आहेत.

गवताने शाकारलेल्या मोठ्या छपरांची घरं बघायची असतील तर शिराकावा-गो किंवा गोकायामा. शिराकावा-गोमधलं ओगिमाचि आणि गोकायामातली आइनोकुरा व सुगानुमा ही तीन गावं १९९५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. ओगिमाचि मोठं आहे आणि दिवसा तिथे बसच्या बस भरून पर्यटक येतात, त्यामुळे राहायला मी आइनोकुरा सुचवते. तशी वीसेक घरं, मध्ये भाताची खाचरं, चारी बाजूंना डोंगर. दुपारी चारची बस गेली की गाव पुन्हा गावकऱ्यांचं होतं, आणि ते बघायला मिळावं म्हणूनच तर मुक्काम करायचा.

तिथली घरं अशी का बांधलेली आहेत?

हा प्रश्न माझ्या बाबांचा. बाबा स्थापत्य अभियंता, त्यामुळे त्यांनी मालकांना अर्धा तास सोडलं नाही.

या पद्धतीला गाश्शो-झुकुरी म्हणतात. गाश्शो म्हणजे नमस्कारासाठी जोडलेले हात. छपराचा उतार सुमारे ६० अंशांचा असतो, कारण इथे दोन-दोन मीटर बर्फ पडतं आणि ते वर साचून चालणार नाही. छपराच्या सांगाड्यात लोखंडी खिळे नाहीत. वासे दोराने आणि ओल्या फांद्यांच्या वेठांनी बांधतात. वेठ वाळली की आवळते आणि गाठ आणखी घट्ट बसते. बर्फाच्या भाराखाली आणि वाऱ्यात सांगाडा किंचित हलतो, पण मोडत नाही. वरच्या दोन-तीन मजल्यांच्या माळ्यावर पूर्वी रेशीमकिडे पाळत. तळमजल्याच्या जमिनीखाली खड्ड्यांत गवत, माती आणि रेशीमकिड्यांची विष्ठा कुजवून सोरा काढत. गोकायामाचा सोरा बंदुकीच्या दारूसाठी कागा संस्थानाला जाई. एवढं दुर्गम खोरं इतकी मोठी घरं कशी पोसू शकलं, याचं बरंचसं उत्तर रेशीम आणि सोऱ्यात आहे.

काही दशकांनी छप्पर पुन्हा शाकारावं लागतं. एका घराला शंभर-दोनशे माणसं लागतात. पूर्वीपासून गाव एकमेकांच्या घरी राबून हे काम करत आलं आहे. त्याला "युइ" म्हणतात. "म्हणजे इर्जिक!" बाबा लगेच म्हणाले. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. ज्यांनी शेतावरची इर्जिक पाहिली आहे त्यांना युइ वेगळी समजवावी लागत नाही.

एक सूचना गंभीरपणे घ्या. ही घरं म्हणजे वाळलेल्या गवताचे ढीग आहेत. ठरवून दिलेली जागा सोडून कुठेही सिगारेट, उदबत्ती, फटाका काही पेटवू नका. ओगिमाचित आगीसाठी पाण्याच्या तोफा बसवल्या आहेत आणि दर शरद ऋतूत सगळ्या एकदम उडवून चाचणी घेतात.

बुकिंग कसं करायचं? जपानी येत नाही.

काही मिन्शुकु नेहमीच्या बुकिंग संकेतस्थळांवर असतात, अनेक नसतात. गावाच्या पर्यटन संघाचं संकेतस्थळ किंवा थेट फोन, हे दोन मार्ग उरतात. तुम्ही आधी शहरात ज्या हॉटेलात उतरणार आहात त्यांना ईमेलवर विनंती करा, ते बऱ्याचदा फोन करून देतात. शिराकावा-गोत जानेवारी-फेब्रुवारीत ठरावीक संध्याकाळी बर्फातली घरं दिव्यांनी उजळतात. त्या रात्रींची जागा कित्येक महिने आधी संपते.

बेत बदलला तर कळवा, तेही लवकर. तुमच्यासाठी मासे, भाज्या मोजून आणलेल्या असतात. न कळवता न जाणं हे या छोट्या घरांना फार लागतं. अनेक ठिकाणी चालवणारं जोडपं सत्तरीच्या घरात आहे आणि पुढे हे कोण चालवणार, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही.

किती वाजता पोचायला हवं?

तीन ते पाच. सहाच्या सुमाराला जेवण. त्यातलं अर्धं ताट मांडलेलं असतं आणि उरलेलं तुम्ही बसल्यावर गरम येतं. या भागात बस दिवसाला मोजक्याच आहेत. एकदा बदलीची बस चुकून मी सव्वासातला पोचले. काठीला लावून निखाऱ्याशी भाजलेला मासा तासभर माझी वाट बघत होता. काकूंनी तो पुन्हा शेकून दिला, एक शब्द बोलल्या नाहीत. पण त्यांची भांडी, आंघोळ, झोप सगळं माझ्यामुळे तासाने पुढे गेलं होतं. उशीर होणार असं दिसलं की फोन करा. "ओकुरेमास", उशीर होतोय, एवढं म्हटलं आणि वेळ सांगितली तरी पुरतं.

नागोयाहून किसोला जायचं तर शिनानो एक्स्प्रेसने नाकात्सुगावा, पाऊण तासाच्या थोडं वर, आणि तिथून मागोमेची बस. आइनोकुराला तोक्योहून होकुरिकु शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनने शिन-ताकाओका, मग जागतिक वारसा बस तासाभराची. ताकायामाहून ओगिमाचिला बस ५० मिनिटांत पोचते.

मोठ्या सुटकेस सोबत आणू नका. जिने अरुंद आणि उभे असतात, तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांवर, चाकं फिरवायची नसतात. ताक्क्युबिन ही सामान पोचवणारी सेवा वापरा. शहरातल्या हॉटेलातून सुटकेस पुढच्या हॉटेलला पाठवा आणि एका रात्रीचे कपडे पाठीवरच्या पिशवीत घ्या.

आम्ही शाकाहारी आहोत. जमेल का?

जमेल, पण नुसतं "व्हेजिटेरियन" लिहून जमणार नाही. सगळ्यांत जास्त गैरसमज इथे होतात, म्हणून सविस्तर लिहिते.

अडचण मांसाची नाही, ते ताटात दिसतं आणि बाजूला ठेवता येतं. अडचण दाशीची आहे. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी, आपल्याकडे फोडणी जशी सगळ्यात असते तसं. बहुधा ते कात्सुओ या माशाच्या वाळवलेल्या कापांचं किंवा सुकवलेल्या बारीक माशांचं असतं. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) सूपमध्ये दाशी, शिजवलेल्या भाजीत दाशी, तेम्पुराबरोबरच्या (पिठात बुडवून तळलेल्या भज्यांसारख्या पदार्थाबरोबरच्या) सॉसमध्ये दाशी, सोबा म्हणजे कुट्टूच्या शेवयांच्या रश्शात दाशी, ऑम्लेटातसुद्धा दाशी. बनवणाऱ्या बाईंच्या मनात ती भाजीच असते. त्या फसवत नाहीत, त्यांच्या लेखी त्यात मासा नाहीच.

म्हणून बुकिंग करतानाच हे कळवा:

"निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओ या निबोशि नो दाशि मो दामे देस. कोम्बु दाशि वा दाइजोबु देस."

म्हणजे: मांस आणि मासे खात नाही, कात्सुओ किंवा सुक्या माशांची दाशीही नको, कोम्बुची चालेल. कोम्बु हे समुद्री शेवाळ. त्याची आणि सुक्या शिइताके अळंब्यांची दाशी शुद्ध शाकाहारी असते आणि घरी बहुतेकांकडे असते. अंडं नको असेल तर "तामागो मो दामे", लसूण नको तर "निन्निकु", कांदा नको तर "तामानेगि". वाक्य जपानी लिपीत कुणाकडून तरी लिहून घ्या, छापील चिठ्ठी जवळ ठेवा आणि पोचल्यावर पुन्हा दाखवा.

काही घरं नम्रपणे नाही म्हणतात. वाईट वाटून घेऊ नका, दुसरं घर शोधा. ऐनवेळी ताट परत जाण्यापेक्षा ते बरं.

हो म्हणणाऱ्या घरी काय मिळतं? डोंगरातल्या रानभाज्या वसंतात फार सुंदर असतात: वाराबि, झेन्माइ, कोगोमि, तारा झाडाचे कोंब. त्यांचं तेम्पुरा मिठाबरोबर खा, सॉस टाळा. गोकायामाचं तोफु इतकं घट्ट असतं की दोरीने बांधून उचलता येतं. पनीर खाणाऱ्या आपल्या लोकांना ते लगेच आवडतं. किसोत "सुन्कि" नावाचं लाल सलगमाच्या पाल्याचं लोणचं मिळतं, मिठाशिवाय आंबवलेलं. जगात मिठाशिवायची लोणची थोडीच, त्यामुळे चाखाच. भात, उमेबोशि (खारवलेलं आंबट फळ), साधं नोरी (समुद्री शेवाळाचे पातळ कागद) यांची चिंता नाही. भाजलेल्या भातावर अक्रोड-मिसोचा लेप लावलेलं गोहेइ-मोचि बहुधा चालतं, पण नाकात्सुगावाच्या बाजूला काही ठिकाणी त्या लेपात गांधीलमाशीच्या अळ्या वाटून घालतात. आधी विचारा.

आईने पहिल्या खेपेला मेतकूट आणलं होतं. गरम जपानी भात, मेतकूट आणि वर थोडं तूप: काकूंनी वास घेतला, चिमूटभर मागून घेतलं आणि ते कशाचं करतात ते वहीत लिहून घेतलं. सोबत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, थोडे ठेपले जरूर असू द्या, पण जेवणाच्या जागी काढताना विचारून काढा. ताजी फळं आणि कोणतेही मांसाचे पदार्थ जपानमध्ये आणू नका, विमानतळावर अडवतात.

पूर्ण शाकाहारी जेवणाची खात्रीच हवी असेल तर?

मग कोयासानला जा. ते खेडं नाही, डोंगरावरचं देवळांचं गाव आहे. कूकाइ या भिक्षूने ८१६ मध्ये ते वसवलं. तिथल्या ११७ मठांपैकी ५० च्या आसपास मठांत राहता येतं, त्याला शुकुबो म्हणतात. शोजिन-र्योरी हे तिथलं जेवण मांस, मासे, कांदा, लसूण यांशिवायचं असतं. जैन मंडळींना मी नेहमी इथेच पाठवते. सकाळच्या प्रार्थनेला बसता येतं. ओकुनोइनच्या दफनभूमीत दगडांवर सिद्धम् लिपीतली अक्षरं कोरलेली दिसतात. ती ब्राह्मीतूनच आलेली, देवनागरीची नातलग. आईने तिथे "अ" ओळखला आणि बराच वेळ त्या दगडापाशी उभी राहिली.

आंघोळीचं काय? सगळ्यांसमोर?

हा प्रश्न बायका हळू आवाजात विचारतात, म्हणून मी मोठ्याने उत्तर देते. छोट्या मिन्शुकुत बहुधा एकच न्हाणीघर असतं आणि कुटुंबागणिक पाळीने वापरायचं असतं. आतून कडी लावता येते. अनोळखी लोकांसमोर कपडे उतरवायची वेळ सहसा येत नाही. मोठ्या, सार्वजनिक गरम झऱ्यांवर मात्र बायका आणि पुरुष वेगवेगळे, पण सगळे एकत्र आणि विवस्त्र. तिथे जायचं की नाही तो तुमचा निर्णय.

टबातलं पाणी साबण लावायला नसतं. आधी बाहेर छोट्या स्टुलावर बसून अंग घासून, स्वच्छ धुऊन घ्यायचं आणि मग ४०–४२ अंशांच्या पाण्यात नुसतं शांत बसायचं. केस वर बांधा, टॉवेल पाण्यात बुडवू नका. निघताना बूच काढू नका. तेच पाणी तुमच्यानंतर इतरांनी आणि शेवटी घरच्यांनी वापरायचं असतं. झाकण परत ठेवा. मासिक पाळीत टब टाळून बाहेरच शॉवर घ्या. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त बसू नये आणि उठताना आधार धरावा.

चपलांचे नियम कोणते?

बूट दारातच. आत स्लिपर. तातामीच्या खोलीत स्लिपरही नाही, अनवाणी किंवा मोज्यांनी. संडासाच्या स्लिपर वेगळ्या, त्या तिथेच सोडायच्या. मोज्याला भोक नाही ना, ते घरून निघतानाच बघा.

जमिनीवर झोपणं म्हाताऱ्या माणसांना झेपेल?

गादी जमिनीवर घालतात. ती आपल्या गादीपेक्षा पातळ असते, पण विचारलं तर एकावर एक दोन देतात. उशी कधी कुट्टूच्या टरफलांची, कडक आणि कुरकुरणारी असते. खरा प्रश्न गुडघ्यांचा. जेवायला खाली बसावं लागेल का, खुर्ची आहे का, संडास वरच्या मजल्यावर आहे का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. "इसु" म्हणजे खुर्ची. संडास मात्र बहुतेक ठिकाणी आता पाश्चात्त्य पद्धतीचे आणि पाण्याच्या फवाऱ्याचे आहेत, ती काळजी करू नका.

खोल्यांमधल्या भिंती म्हणजे सरकती कागदी दारं. पलीकडचा घोरलेला ऐकू येतो, तसं तुमचं फोनवरचं बोलणंही. नऊनंतर आवाज खाली. लहान मुलं असतील तर ती दारं आधी त्यांना दाखवून ठेवा, बोट सहज आरपार जातं.

थंडी किती असते?

डिसेंबर ते मार्च फार. खोलीत स्टोव्ह असतो पण बोळ आणि संडास गोठलेले. झोपताना रॉकेलचा स्टोव्ह बंद करायचा असतो. कोतात्सु, म्हणजे खाली ऊब आणि वर रजई असलेलं बैठं टेबल, त्यात पाय घालून बसलात की उठवत नाही. पहिल्या खेपेला मे किंवा ऑक्टोबर निवडा. शरदात घरात वास मारणारे किडे शिरतात. चिरडू नका, चिकटपट्टीवर उचलून टाका.

युकाता कसा नेसायचा? जेवताना काय पाळायचं?

युकाता म्हणजे घरात घालायला मिळणारा सुती झगा. डावी बाजू उजव्यावर. उलट फक्त मृत व्यक्तीला नेसवतात. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका आणि एकाच्या काडीवरून दुसऱ्याच्या काडीवर घास देऊ नका. दोन्ही गोष्टी अंत्यविधीतल्या आहेत. सुरुवातीला "इतादाकिमास", संपल्यावर "गोचिसोसामा". ताटात भात उरलेला त्यांना आवडत नाही, त्यामुळे सुरुवातीलाच कमी मागा.

काही भेट न्यावी का?

सक्ती नाही, पण छान वाटतं. चिक्की किंवा आंबावडीची छोटी बंद पाकिटं चांगली. देताना दोन्ही हातांनी द्या. समोरच उघडली नाही तर गैरसमज नको, तशीच पद्धत आहे.

पासपोर्ट का मागतात?

कायद्याने. जपानमध्ये राहत नसलेल्या परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट बघून नोंद ठेवावी लागते. मूळ पासपोर्ट जवळ असू द्या.

सकाळी निघताना काय करायचं?

न्याहारी सात ते आठ, निघणं नऊ-दहापर्यंत. गाद्या नीट दुमडून ठेवा, कपाटात टाकू नका. त्यांना चादरी काढायच्या असतात. पैसे शक्यतो मोजून, सुटे द्या. "ओसेवा नि नारिमाशिता" म्हणा, म्हणजे तुम्ही आमची काळजी घेतलीत. घरचे दारापर्यंत येतात आणि तुम्ही दिसेनासे होईपर्यंत उभे राहतात, त्यामुळे रस्त्याच्या वळणावर एकदा मागे वळून मान लववा. मग बस थांब्याकडे, आणि वेळेच्या दहा मिनिटं आधी, कारण पुढची बस दोन-तीन तासांनीच असते.